बिलरॉथने पोटाला आतडं जोडलं, पण तो जोड नीट बसवायला पुढच्या कित्येक सर्जननी तो पुन्हा उसवला

१८८१ सालचा शरद ऋतू. ठिकाण व्हिएन्नाचं सरकारी हॉस्पिटल.

एका पेशंटचं पोट उघडून डॉक्टरांनी जठराला लहान आतड्याचा एक वेढा शिवून टाकला होता. जठराचा खालचा दरवाजा कॅन्सरच्या गाठीने बंद झाला होता, म्हणून भिंतीला भोक पाडून दुसरा दरवाजा काढायचा, असा साधा हिशोब. ऑपरेशन पार पडलं. पेशंट शुद्धीवर आला. आणि मग उलट्या सुरू झाल्या. अन्नाच्या नाहीत, हिरव्यागार पित्ताच्या. थांबायचं नाव नाही. काही दिवसांत पेशंट गेला.

ऑपरेशन करणारा कुणी नवशिका नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत ज्याने कॅन्सर झालेला जठराचा तुकडा कापूनही पेशंट जिवंत ठेवला होता, ज्याचं नाव युरोपभर गाजत होतं, तो हा माणूस. थिओडोर बिलरॉथ.

आज पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सर्जरीच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, तो 'बिलरॉथ वन' आणि 'बिलरॉथ टू' घडाघडा सांगेल. परीक्षेला येतातच. पण त्या नावामागच्या माणसाची गोष्ट, आणि त्याने घातलेला जोड पुढच्यांना पुन्हा पुन्हा का उसवावा लागला, हे मात्र कुणी फारसं सांगत बसत नाही.

तर सुरुवातीपासून.

पियानो वाजवणारा पोरगा

बिलरॉथचा जन्म २६ एप्रिल १८२९ चा. बाल्टिक समुद्रातल्या रुगेन बेटावर, बेर्गेन नावाच्या गावात. तेव्हा हा भाग प्रशियाच्या राज्यात होता. वडील चर्चमध्ये पाद्री. थिओडोर पाच वर्षांचा असताना ते क्षयाने गेले. आई मुलांना घेऊन ग्राइफ्सवाल्डला राहायला आली.

शाळेत पोरगा काही चमकदार वगैरे नव्हता. भाषा जमेना, गणित जमेना. जमायचा तो फक्त पियानो. तासन् तास वाजवत बसायचा आणि मोठेपणी संगीतकारच व्हायचं असं त्याने ठरवून टाकलं होतं. आईचं म्हणणं तेच, जे आपल्याकडे कुठल्याही आईचं असतं. संगीत कर, पण आधी पोटापाण्याचं बघ. घरच्या ओळखीतले विल्हेल्म बाउम हे सर्जरीचे प्राध्यापक होते, त्यांनीही समजावलं. पोराने नाक मुरडत मेडिकलला नाव घातलं. बाउम ग्योटिंगेनला गेले तर हाही त्यांच्या मागे ग्योटिंगेनला गेला, आणि तिथे मात्र सूक्ष्मदर्शकाच्या नादी लागला. तो नाद आयुष्यभर सुटला नाही.

१८५१ मध्ये आईही क्षयाने गेली. पुढच्याच वर्षी बर्लिनला त्याने डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता मेंदूतून निघून छातीत आणि पोटात उतरणारी व्हेगस नावाची नस कापली तर फुप्फुसाचं काय होतं, हा. आता गंमत बघा. हीच नस जठराला आम्ल तयार करायचा हुकूम देते. पुढे १९४३ पासून शिकागोच्या ड्रॅगस्टेट या सर्जनने अल्सरच्या पेशंटची हीच नस कापायला सुरुवात केली. विशीतल्या बिलरॉथला आपण आयुष्यभर ज्या अवयवाशी झुंजणार आहोत, त्याचीच एक दोरी हातात धरली आहे याचा पत्ता नव्हता.

मग त्याने बर्लिनमध्ये दवाखाना थाटला.

दोन महिने गेले. एकही पेशंट आला नाही.

तिसऱ्या महिन्याची वाट न बघता त्याने दवाखाना गुंडाळला आणि एका मित्राच्या ओळखीने बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांच्याकडे सहायक म्हणून चिकटला. लांगेनबेक म्हणजे त्या काळचे जर्मनीतले सगळ्यात मोठे सर्जन. त्यांच्या हाताखाली त्याची जवळजवळ सात वर्षं गेली.

मेलेले पेशंटही मोजायचे

१८६० मध्ये बिलरॉथ झुरिचला प्राध्यापक झाले. वय ३१. तिथे १८६३ मध्ये त्यांनी सर्जरीचं एक पाठ्यपुस्तक लिहिलं, त्याची कितीतरी भाषांत भाषांतरं झाली. पण त्याहून मोठं काम त्यांनी शांतपणे केलं. त्यांनी आपल्या वॉर्डचा हिशोब छापला.

त्या काळात सर्जन छापायचे ते विजय. अमक्याचा पाय कापला, तो ठणठणीत घरी गेला. गेलेल्यांची यादी कुणी छापत नसे. अशी यादी छापली तर उद्या पेशंट दारात उभा राहील का, ही भीती. बिलरॉथनी झुरिचच्या १८६० ते १८६७ या काळातल्या कामाचा अहवाल काढला त्यात किती बरे झाले, किती गेले, कशाने गेले, घरी गेल्यावर पुढे त्यांचं काय झालं, सगळं मांडलं. आपल्या चुकाही मांडल्या. पेशंटचं अंग रोज थर्मामीटरने मोजायचं आणि ताप कागदावर उतरवायचा हा आग्रहही त्यांचाच. आज हॉस्पिटलमध्ये पलंगाच्या पायथ्याशी चार्ट लटकलेला दिसतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक.

सगळंच बरोबर निघालं असं नाही. जखमा का सडतात याचा शोध घेताना १८७४ मध्ये त्यांनी जंतूंवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. सगळे जंतू म्हणजे एकाच वनस्पतीची वेगवेगळी रूपं, असा त्यांचा अंदाज होता. तो साफ चुकला. लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीवरही त्यांचा सुरुवातीला विश्वास नव्हता. पण आकडे बघितले, आणि पद्धत बदलली.

१८६७ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि शेवटपर्यंत तिथलेच झाले. १८८२ मध्ये लांगेनबेक यांची बर्लिनची गादी चालून आली होती, तीही त्यांनी नाकारली.

व्हिएन्नात पियानोही परत सापडला. ब्राम्स हा संगीतकार झुरिचपासूनचा दोस्त. त्याच्या कितीतरी नव्या रचना पहिल्यांदा वाजल्या त्या बिलरॉथच्या घरच्या बैठकीत. ब्राम्सने १८७३ साली आपल्या दोन स्ट्रिंग क्वार्टेट बिलरॉथना अर्पण केल्या. दिवसा ऑपरेशन, रात्री व्हायोला, असा त्यांचा दिनक्रम.

या माणसाची एक बाजू काळी आहे, तीही इथेच सांगायला हवी. १८७६ साली वैद्यकीय शिक्षणावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी गॅलिशिया आणि हंगेरीतून येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांबद्दल विखारी मजकूर लिहिला. विद्यापीठात त्यावरून हाणामाऱ्या झाल्या. ज्यूंना बाहेर काढा म्हणणाऱ्या पोरांना एका मोठ्या प्रोफेसरचं नाव आयतं मिळालं. शेवटच्या काळात बिलरॉथ ज्यूद्वेषाच्या विरोधात काम करणाऱ्या संघटनेत सामील झाले खरे, पण छापलेलं पान तोवर फार लांब पोचलं होतं.

२९ जानेवारी १८८१

पोटाच्या आत हात घालणं म्हणजे तेव्हा जवळजवळ मृत्यूच. आतड्याचा एक टाका सुटला तरी आतली घाण पोटभर पसरते आणि पेशंट जातो. अँटिबायोटिक यायला अजून साठेक वर्षं होती. सलाईन नाही, रक्त चढवायची सोय नाही.

तरी जठराच्या कॅन्सरवर काहीतरी करायची धडपड सुरू होती. जठराचं खालचं तोंड जिथे लहान आतड्याला मिळतं, तिथे गाठ झाली की खाल्लेलं पुढे सरकत नाही. माणूस भुकेने मरतो. १८७९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल पेआँ यांनी असा तुकडा कापून बघितला, पेशंट पाचव्या दिवशी गेला. १८८० मध्ये पोलिश सर्जन लुडविक रिडिगिएर यांनी प्रयत्न केला, पेशंट एक दिवसही जगला नाही.

बिलरॉथच्या टीमने घाई केली नव्हती. गुसेनबाउअर आणि विनिवार्टर या त्यांच्या सहायकांनी कुत्र्यांवर प्रयोग करून बघितले होते की जठराचा तुकडा कापून उरलेलं तोंड आतड्याला शिवलं तर ते जुळतं का. पाचक रस तो टाका पचवून टाकतो की काय, ही खरी शंका होती. टाका टिकला.

मग तेरेसे हेलर ही बाई आली. वय ४३, आठ मुलांची आई. कित्येक आठवडे पोटात काही ठरत नव्हतं, आंबट दुधावर कशीबशी तग धरून होती. गाठ हाताला लागत होती. २९ जानेवारीला बिलरॉथनी ऑपरेशन केलं. साधारण दीड तास. जठराचा जवळपास १४ सेंटीमीटर लांबीचा भाग काढला आणि उरलेल्या जठराचं तोंड आतड्याच्या पहिल्या भागाला रेशमी धाग्याने शिवलं. पन्नासच्या आसपास टाके.

ती वाचली. खायला लागली. घरी गेली.

एका आठवड्याच्या आत बिलरॉथनी व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहून सगळा तपशील कळवला. जगभर गाजावाजा झाला. तेरेसे हेलर साधारण चार महिने जगली. कॅन्सर यकृतात पसरला होता, मेमध्ये ती गेली. तिच्यानंतरच्या दोन पेशंट ऑपरेशनमधून वाचल्या नाहीत. हेही छापलं गेलं.

आणि इथूनच जोड बदलायला सुरुवात झाली. पहिल्या ऑपरेशनमध्ये बिलरॉथनी आतडं जठराच्या वरच्या, आखूड वळणाच्या बाजूला जोडलं होतं. त्याने खाली एक पिशवीसारखा कप्पा उरायचा, अन्न त्यात साचून राहायचं. मग त्यांनी जोड खालच्या, मोठ्या वळणाकडे नेला. आज ज्याला 'बिलरॉथ वन' म्हणतात तो हा दुसरा, दुरुस्त केलेला जोड. पहिला नव्हे.

दुसरा दरवाजा

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला बिलरॉथचे सहायक अँटोन वोल्फलर एका पेशंटचं पोट उघडून उभे होते. गाठ इतकी पसरलेली की काढणं अशक्य. पोट तसंच बंद करायचं, एवढंच उरलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या निकोलाडोनी या सहकाऱ्याने सुचवलं की गाठ राहू दे, तिला वळसा घालू. लहान आतड्याचा खालचा वेढा वर ओढून थेट जठराच्या भिंतीला जोडू. वोल्फलरनी तसं केलं. पेशंट खाऊ लागला, काही महिने जगला.

जठर आणि लहान आतडं यांचा असा थेट जोड म्हणजे गॅस्ट्रोजेजुनोस्टोमी. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. रस्ता बंद आहे, बायपास काढा.

आता बिलरॉथनी स्वतः हे ऑपरेशन केलं. तोच तो सुरुवातीचा, हिरव्या उलट्यांचा पेशंट.

चुकलं काय? घरातल्या पाण्याच्या पाइपची कल्पना करा. आतड्याचा वेढा कापलेला नसतो, सलग असतो. त्याच्या मधोमध भोक पाडून तो जठराला शिवला की जठरातून येणाऱ्या अन्नासमोर दोन वाटा तयार होतात. एक खाली, पुढच्या आतड्याकडे, जिकडे जायला हवं. दुसरी वर, जिकडून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस खाली येत असतो. जोड जरा तिरका बसला, आतड्याला किंचित पीळ पडला, किंवा जोडाच्या मधोमध उंचवटा तयार झाला, की वाटा उलट्या होतात. अन्न वरच्या वाटेत शिरतं, पित्त जठरात कोसळतं. तेच पित्त पुन्हा वरच्या वाटेत, पुन्हा जठरात. फिरत राहतं. पेशंट ओकत राहतो. पोट भरलेलं असतं आणि माणूस उपाशी मरतो.

सर्जननी याला नावच दिलं, दुष्टचक्र. बिलरॉथच्या त्या पेशंटच्या शवविच्छेदनात नेमकी हीच अडचण सापडली.

हा मृत्यू कपाटात बंद राहिला असता तर पुढच्याने तीच चूक केली असती. पण बिलरॉथच्या वॉर्डात ती पद्धत नव्हती. शवविच्छेदन व्हायचं, नोंद व्हायची, नोंद छापली जायची. आणि वाचणारे लोक कामाला लागायचे.

कुणी म्हणालं, आतडं मोठ्या आतड्याच्या पुढून नेऊन जोडल्यामुळे ताण येतो, मागून न्या. कुर्व्हॉइझिए यांनी १८८३ मध्ये आणि बिलरॉथचेच शिष्य फॉन हाकर यांनी १८८५ मध्ये मागून जोड घातला. स्वतः वोल्फलरनी १८८३ मध्ये आतडं आडवं कापून इंग्रजी वाय अक्षरासारखा जोड करायची कल्पना मांडली. १८९२ मध्ये ब्राउन या जर्मन सर्जनने वेगळीच युक्ती काढली. वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट यांच्यामध्येच एक आडवा जोड घातला, म्हणजे पित्त जठरापर्यंत पोचायच्या आधीच खालच्या खाली निघून जाईल. गटार तुंबलं तर मध्येच नाली काढतात, तसं.

दरम्यान १५ जानेवारी १८८५ ला बिलरॉथकडे एक पेशंट आला. गाठ मोठी, पेशंट अशक्त. ठरलं असं की आज फक्त वळसा घालायचा, जरा सुधारला की मग गाठ काढू. जोड घातला. पेशंट अजून बऱ्या स्थितीत होता. मग बिलरॉथनी तिथेच बेत बदलला, गाठ कापून काढली, जठराचं आणि आतड्याचं उघडं तोंड दोन्ही शिवून बंद केली आणि नुकताच घातलेला वळसाच कायमचा रस्ता केला. हा 'बिलरॉथ टू'. पाठ्यपुस्तकात तो फार विचारपूर्वक आखलेला वाटतो. प्रत्यक्षात ऑपरेशन टेबलवर अर्ध्या वाटेत ठरला होता.

रू आणि वाय

या सगळ्यात सगळ्यात टिकाऊ दुरुस्ती केली ती स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू यांनी, १८९२-९३ च्या सुमारास. त्यांनी सलग वेढा ठेवलाच नाही. आतडं आडवं कापलं. खालचं टोक वर नेऊन जठराला जोडलं. वरून पित्त आणणारं टोक बरंच खाली नेऊन आतड्याच्या कुशीत शिवलं. आकार झाला वायचा. आता पित्ताला जठरात यायचं तर आतड्याच्या हालचालीच्या उलट दिशेने लांब चढ चढायला लागणार. दुष्टचक्र तुटलं.

पण पोट इतक्या सहज ऐकत नाही.

पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आम्लाचा जोर मारतात. ते जोडापासून दूर नेल्यावर जठरातलं आम्ल थेट आतड्याच्या नाजूक अस्तरावर पडायला लागलं. आतड्याला आम्लाची सवय नसते. जोडाच्या कडेला अल्सर व्हायला लागले. १८९९ मध्ये ब्राउननी अशा अल्सरची नोंद केली. पुढे रू यांनी स्वतःच आपली पद्धत बाजूला ठेवली.

म्हणजे बघा, पित्त जवळ ठेवलं तर ते जठरात चढतं, लांब नेलं तर आम्ल आतडं जाळतं. या कात्रीतून अजूनही सुटका झालेली नाही.

आज जोड का उसवावा लागतो

विसाव्या शतकात अल्सरसाठी लाखो लोकांच्या जठरांचे तुकडे काढले गेले आणि त्यांना बिलरॉथचे जोड घातले गेले. मग १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन यांनी दाखवून दिलं की बहुतेक अल्सरमागे एक जंतू आहे. गोळ्यांनी बरा होणारा आजार. ऑपरेशनं झपाट्याने कमी झाली. तरी ज्यांची आधी झाली होती त्यांचे जोड त्यांच्यासोबतच राहिले, आणि त्यातल्या काहींना वर्षानुवर्षं जळजळ, कडू उलट्या, जेवल्यावर घाम आणि चक्कर, रक्त कमी होणं असा त्रास होत राहिला. पित्त सतत जठरात पडत असेल आणि औषधांनी भागत नसेल तर सर्जन तो जुना जोड सोडवून त्याचा रू यांचा वाय करतात. वरची वाट तुंबत असेल तर कधी ब्राउनची आडवी नाली काढून भागतं. जोडाला अल्सर झाला असेल तर आधी सिगारेट आणि दुखण्याच्या गोळ्या बंद करायला सांगतात, आम्ल कमी करायचं औषध देतात, तो जंतू आहे का बघतात. तरीही भरला नाही, रक्त वाहिलं किंवा भोक पडलं, तर अल्सरसकट जोड कापून नवा घालावा लागतो.

आणि एका वेगळ्या दाराने हे सगळं परत आलं आहे. वजन कमी करायच्या ऑपरेशनमधून. १९६० च्या दशकात अमेरिकेत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी जठर कमी केलेल्या बायकांचं वजन वाढत नाही. त्यावरून त्यांनी गॅस्ट्रिक बायपास काढला, सुरुवातीला सलग वेढ्याचा. पित्त वर चढायला लागलं. १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी त्याचा वाय केला. १९९७ मध्ये रटलेज यांनी पुन्हा सलग वेढ्याचा 'मिनी बायपास' आणला. हे ऑपरेशन भारतात भरपूर होतं, मुंबई-पुण्यातही होतं. सोपं आहे, एकच जोड आहे. बहुतेकांना त्रास होत नाही. ज्यांना पित्ताचा त्रास होतो, त्यांचा जोड बदलून परत वाय करतात. १८८१ ते १८९३ मध्ये जे घडलं, तेच नव्या कपड्यात.

दुसऱ्यांदा पोट उघडणं हे पहिल्यापेक्षा नेहमीच अवघड. आतली आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटलेली असतात, कुठला वेढा कुठून कुठे गेला ते उलगडायलाच वेळ जातो. म्हणून सर्जन आधी दुर्बिणीने जोड बघतात, सीटी स्कॅन काढतात, आणि पेशंटकडे मागतात ती जुन्या ऑपरेशनची नोंद. जोड पुढून घातला की मागून, वेढा किती लांबीचा ठेवला, किती भाग काढला. बरेचदा ती फाईल घरात सापडत नाही. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर ती फाईल एकदा शोधून ठेवा.

शेवटची वर्षं

१८८२ मध्ये बिलरॉथनी व्हिएन्नात नर्सना शिकवणारी रुडॉल्फिनरहाउस ही संस्था उभी करायला घेतली. टाके कितीही चांगले घातले तरी रात्री पेशंटजवळ कुणीतरी शिकलेलं माणूस हवं, हे त्यांना वॉर्डात कळलं होतं. त्यांनी नर्सिंगवर सामान्य माणसाला कळेल असं पुस्तकही लिहिलं. ती संस्था आजही हॉस्पिटल म्हणून चालू आहे.

१८८७ मध्ये न्यूमोनियाने त्यांना गाठलं. वाचले, पण हृदय अशक्त झालं. शिष्य मात्र युरोपभर पसरले होते. चेर्नी, मिकुलिच, आयझेल्सबर्ग, वोल्फलर, हाकर, जो तो कुठल्यातरी विद्यापीठात प्राध्यापक. अमेरिकेचे हॉल्स्टेड तरुणपणी व्हिएन्नाला येऊन त्यांचं काम बघून गेले आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये सर्जन घडवायची पद्धत त्यांनी याच धर्तीवर बसवली.

संगीताचा विषय शेवटपर्यंत डोक्यात होता. माणसाला संगीत कळतं म्हणजे नेमकं काय होतं, यावर ते एक पुस्तक लिहीत होते. ते अपुरं राहिलं. त्यांच्या मृत्यूनंतर टीकाकार हान्सलिक यांनी ते छापलं.

६ फेब्रुवारी १८९४ रोजी एड्रियाटिक समुद्राकाठच्या ओपातिया गावात बिलरॉथ गेले. वय ६४. व्हिएन्नाच्या मुख्य दफनभूमीत त्यांना पुरलं. तीन वर्षांनी ब्राम्सही त्याच दफनभूमीत आला.

तेरेसे हेलरच्या जठराचा नमुना व्हिएन्नाच्या योसेफिनम या वैद्यकीय संग्रहालयात जपून ठेवला आहे.